वाचन सप्ताहानिमित्त देवघेव बंद

कालपासून मी कॉलेजात 'ज्येष्ठ वाचक' म्हणून ओळखला जातोय. ग्रंथालयाचं वार्तापत्र निघालं. एरवी आमचं तिमाही वार्तापत्र सहा महिन्यांनी निघतं, पण माझी फजिती छापायची म्हटल्यावर ते सप्ताह संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी हजर. तिसऱ्या पानावर माझा फोटो, हातात पुस्तक आणि खाली ओळ : 'वाचनात तल्लीन झालेले एक ज्येष्ठ वाचक'. अठरा वर्षं त्याच कॉलेजात शिकवतोय. नाव छापलं नाही ते एक वेळ चालेल, पण सेहेचाळिसाव्या वर्षी ज्येष्ठ?

गेलो होतो साध्या कामाला. एक पुस्तक परत करायचं होतं, एक घ्यायचं होतं. देवघेवीच्या खिडकीवर कागद चिकटवलेला : 'वाचन सप्ताहानिमित्त देवघेव विभाग आठवडाभर बंद राहील. वाचकांनी सहकार्य करावे.' मी तो तीनदा वाचला. त्या सप्ताहात माझं जे काही वाचन झालं ते एवढंच. पोहण्याच्या स्पर्धा आहेत म्हणून तलावातलं पाणी सोडून दिलंय, असा हा प्रकार.

आत वाचनकक्षात ग्रंथप्रदर्शन मांडलं होतं. टेबलांवर झुळझुळीत कापड, त्यावर पुस्तकं आणि मागे छतापर्यंत पोचणारा फ्लेक्स. त्यावर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ सालची पंचसूत्री ठळक अक्षरांत. पुस्तके उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. हा फलक कपाटांच्या पुढ्यातच बांधल्यामुळे ४०० ते ४९९ ही पुस्तकं त्याच्या मागे गडप झाली होती, आणि मला हवं होतं ४९१.४६. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूईच्या पद्धतीत पहिला आकडा ४ असला की भाषा, ८ असला की साहित्य. म्हणजे ४९१.४६ला मराठी भाषा आणि ८९१.४६ला मराठी साहित्य. पुढे आणखी एक ७ लावला की मराठी विनोद. ते कपाट मात्र उघडं होतं.

फ्लेक्सखालून हात घालता येतो का बघत होतो, तेवढ्यात माझं पुस्तक समोरच दिसलं. प्रदर्शनात! बोलीभाषांवरचं ते जाडजूड पुस्तक मधोमध उघडून लाकडी घडवंचीवर ठेवलं होतं. माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात नाही लावायचा, सर."

टेबलामागे खुर्चीवर मामा बसले होते. ग्रंथालयाचे परिचर. मुलं त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही.

"मामा, बघतोय फक्त."

"बघा की. बघायलाच ठेवलंय."

"मला हे न्यायचंय."

"कुठं?"

"घरी."

एखाद्याने राष्ट्रीय संग्रहालयातली मूर्ती बैठकीच्या खोलीसाठी मागावी, तसं मामांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रदर्शनातलं पुस्तक घरी नेतात होय?"

"अहो, पण आहे ना ते ग्रंथालयाचंच?"

"होतं. आठवडाभर प्रदर्शनाचं आहे. पुढच्या सोमवारी परत ग्रंथालयाचं होईल."

"बरं, मग इथेच बसून वाचतो."

"वाचा. उचलू मात्र नका."

"न उचलता वाचू कसं?"

"उघडं ठेवलंय ना? ही दोन पानं वाचा." मामांनी उदार मनाने पान ११२ आणि ११३ दाखवलं. ११२वर बोलींचा नकाशा होता, ११३वर त्या नकाशाच्या खुणा.

"आणि पान उलटलं तर?"

"तर नकाशा जाईल ना, सर! ग्रंथपाल मॅडमनी मुद्दाम तो काढून ठेवलाय. उद्या पाहुणे आहेत. त्यांना काय नुसती अक्षरं दाखवायची?"

मी जरा तडजोडीवर आलो. म्हटलं, रोज एकदा पान उलटत चला, म्हणजे सात दिवसांत माझी चौदा पानं तरी होतील. मामांनी यावर खरोखर विचार केला. डोळे मिटून केला. मग म्हणाले, "अर्ज द्या मॅडमकडे. पण सप्ताह चालू आहे तोवर अर्ज घेणं बंद आहे."

इथवर मी हसण्यावारी नेत होतो. मग मामांनी पुस्तकाचं मागचं पान अलगद वर केलं (ते त्यांना चालतं) आणि आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी माझ्यासमोर धरली. शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा.

"अकरा वर्षं हे खालच्या खणात धूळ खात होतं, सर. तेव्हा नाही आलात. आज टेबलावर मांडलं आणि लगेच नजरेत भरलं तुमच्या. खरं की नाही?"

"मी आधीपासून शोधत होतो ते..."

"मग अकरा वर्षांत सापडलं नाही? बघा, प्रदर्शनाचा उपयोग झाला. लिहा तसं." आणि अभिप्रायाची वही माझ्यापुढे सरकवली. त्या माणसाला मी काय उत्तर देणार? मी लिहिलं : 'प्रदर्शन उपयुक्त.' खाली सही ठोकली. माझ्याच सहीकडे बघून मला शरम वाटली.

युरोपात मध्ययुगात पुस्तकं साखळीने कपाटाला बांधून ठेवत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये असं साखळदंडवालं ग्रंथालय आजही पाहायला मिळतं. तिथे पुस्तकांचा कणा आत आणि उघडी बाजू बाहेर असते, कारण साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला अडकवलेली. ते मी कुठेतरी वाचलं तेव्हा बिचाऱ्या वाचकांची कीव आली होती. आता येत नाही. ती साखळी खालच्या मेजापर्यंत पोचेल एवढी लांब ठेवत आणि वाचक खुशाल पानं उलटत बसे. साखळी होती, पण मामा नव्हते.

आणि ज्यांची सूत्रं फ्लेक्सवर छापली ते रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला तिथे त्यांचा जीव इतका रमेना, की मला परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले होते. ही हकीकत मला पूर्वी गमतीची वाटायची.

मी निघालो, तर दारात मॅडम. "सर, बरं झालं आलात! फोटोला वाचक कमी पडतायत." मला एका खुर्चीत बसवण्यात आलं. समोर कॅमेरा घेतलेला एक विद्यार्थी, ज्याला मी गेल्याच महिन्यात वर्गाबाहेर काढलं होतं. तो सगळा हिशेब त्या दिवशी चुकता झाला. "सर, मान खाली. एवढी नाही. चेहऱ्यावर आनंद आणा. वाचताना आनंद होतो ना तुम्हाला?" हातात द्यायला पुस्तक निवडलं गेलं ते रंगावरून. मॅडम म्हणाल्या, निळं द्या, मागच्या फ्लेक्सला उठून दिसेल. निळं निघालं ते प्रगत लेखापरीक्षणाचं, भाग दुसरा. छापून आलेल्या फोटोत ते उलटं आहे. ही गोष्ट संपूर्ण कॉलेजच्या लक्षात आली आहे, फक्त वार्तापत्र तपासणाऱ्यांच्या आली नाही.

बाहेर पडताना हिशेब केला. मी तीन सह्या केल्या होत्या : प्रवेशद्वारावरच्या नोंदवहीत, अभिप्रायात आणि उपस्थितीपत्रकावर. वार्तापत्रात 'लाभार्थी' म्हणून जो काही आकडा छापलाय, त्यात मी तिघे आहे.

खिडकीपाशी दुसऱ्या वर्षातली एक मुलगी ओळखपत्र हातात धरून तोच कागद वाचत उभी होती. दोन दिवसांवर चाचणी, आणि क्रमिक पुस्तकाच्या चार प्रती, चारही आत. मला बघून म्हणाली, "सर, तुम्हाला तरी देतात का?" मी नाही म्हटलं. ती ओळखपत्र दप्तरात टाकून जिना उतरून गेली. ती कुठल्याच वहीत नाही. परत गेलेल्या वाचकांची नोंद ठेवायला वही नसते. घोषवाक्य स्पर्धा झाली, बुकमार्क बनवण्याची कार्यशाळा झाली, 'वाचन : काळाची गरज' यावर व्याख्यान झालं, त्याला मुलांना तास बुडवून आणून बसवलं. आणि 'नवीन आलेली पुस्तके' या फळ्यावर दोन वर्षांपूर्वीचीच यादी आहे. ती मी येता-जाता इतकी वाचलीय की आता पाठ झालीय. मॅडमनाही बोलून उपयोग नाही. वर पाठवायच्या अहवालात उपक्रमांना रकाने आहेत, पुस्तक मिळालं की नाही याला नाही.

काल सोमवारी खिडकी उघडली. पहिला नंबर माझा. परत करायचं पुस्तक दिलं, तर दंड निघाला, नेमका सात दिवसांचा.

"मामा, सातही दिवस खिडकी तुम्हीच बंद ठेवली होती!"

"ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. सॉफ्टवेअरला कुठं माहीत आहे?"

भरला. मग म्हटलं, आता ते ४९१.४६ काढा, आज ते ग्रंथालयाचं झालं असेल.

मामा जरा घुटमळले. "ते बाइंडिंगला गेलं, सर."

"बाइंडिंगला? धडधाकट होतं की!"

"आठवडाभर एकाच पानावर उताणं पडून होतं. उचलायला गेलो तर मधोमध दोन तुकडे. आता बाइंडर देईल तेव्हा खरं." माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. पावती माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "पण नकाशा सगळ्या पाहुण्यांना आवडला हां, सर."