चिंचोक्याएवढी गिटार

माझ्या हाताला सरळ रेषा मानवत नाही. मी भिंतीत खिळा ठोकणार असे जाहीर केले की घरातली मंडळी शेजारच्या फोटोफ्रेमा आधी उतरवून ठेवतात. अशा माणसाने सत्तेचाळिसाव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार घडवायला घेतली, ती केवळ सीएनसी राउटर नावाच्या यंत्राच्या भरवशावर. संगणकावर आराखडा काढायचा, यंत्राने तो लाकडात कापायचा आणि आपण हाताची घडी घालून उभे राहायचे, अशी माझी कामाची वाटणी होती.

शिवाय ही गिटार म्हणजे तंबोरा नव्हे. तंबोऱ्यासाठी भोपळा लागतो आणि तो कोरणारा मिरजेचा कारागीर लागतो. इलेक्ट्रिक गिटारचे अंग म्हणजे एक भरीव फळी. कॅलिफोर्नियातले रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी 1950 साली अशी फळी बाजारात आणली, तिला मान बसवली ती चक्क चार स्क्रूंनी, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे शेवटचे वाचल्यावर माझी निम्मी पात्रता आपोआप सिद्ध झाली.

लाकूड मी पुण्यात पाडलेल्या एका वाड्याच्या तुळईचे घेतले. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, मुरलेला साग आहे, तुम्ही हलाल पण हा हलणार नाही.’’ तुळईतून काढलेल्या दोन फळ्या शेजारी शेजारी चिकटवून, पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचा तो ऐवज आणि पेन ड्राइव्हमधली फाइल घेऊन मी धायरीतल्या एका गाळ्यावर पोहोचलो. तिथे दिवसभर देवघरांच्या जाळ्या, किचनची दारे आणि बंगल्यांच्या नावाच्या पाट्या कापल्या जातात. यंत्र चालवणाऱ्या मुलाने पडद्यावरचा माझा आराखडा मान तिरकी करून पाहिला आणि अत्यंत आदराने विचारले, ‘‘काका, हे कुठल्या देवाचं?’’

त्याने फळी स्क्रूंनी टेबलावर आवळली. झिरो कुठे घ्यायचा, म्हणजे यंत्राने मोजायला कुठून सुरुवात करायची, हे मी मोठ्या रुबाबात दाखवले : जिथे गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा टेकवणारा पत्रा, येणार, त्याच्या बरोबर मध्यावर. ‘‘आधी हवेत चालवून बघू का?’’ असे तो म्हणाला होता, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तासाच्या हिशेबाने पैसे लागत असल्यामुळे मी नको म्हणालो.

सहा मिलिमीटरचे बिट, म्हणजे यंत्राचे कापणारे पाते, मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांनी फिरू लागले, लाकडात उतरले, एक छोटीशी प्रदक्षिणा घालून वर आले आणि यंत्र थांबले. पडद्यावर काम पूर्ण झाल्याची सूचना झळकली. भुसा फुंकून आम्ही दोघे वाकलो. फळीच्या मधोमध पावणेदोन मिलिमीटर खोल असा एक खंदक होता आणि त्या खंदकात चिंचोक्याएवढे एक बेट होते. आराखडा मूळचा अमेरिकन, त्यामुळे इंचातला. यंत्र आपले, त्यामुळे मिलिमीटरातले. फाइलमध्ये एकक लिहायचे मी विसरलो होतो, म्हणून सोळा इंच लांबीची गिटार यंत्राने निमूटपणे सोळा मिलिमीटरांत बसवून दिली होती. ‘‘फिनिशिंग चांगलं आलंय,’’ तो मुलगा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता, हेच अधिक लागले.

एकक सुधारून दुसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा कंबरेच्या वळणावर खट्कन आवाज होऊन बिट तुटले. कोणे एके काळी वाड्यातल्या कोणीतरी त्या तुळईत एक खिळा मारला होता आणि वर डोके न ठेवता मोडून टाकला होता. बहुधा तोही माझ्याच हाताचा माणूस असावा. बिटाचे पैसे अर्थातच माझ्याकडून गेले. नव्या बिटाने काम पूर्ण झाले. यंत्राचा एकूण वेळ झाला एक तास दहा मिनिटे.

आता मान. तिचे गणित मी मन लावून केले होते. तारेची लांबी 648 मिलिमीटर, तिला 17.817 ने भागले की मानेवरची पहिली आडवी पट्टी मेरूपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून, 36.4 मिलिमीटरवर येते, उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, आणि असे करत बारावी पट्टी बरोबर निम्म्यावर, 324 वर पडते. पडली, तेव्हा मला गहिवरून आले. मात्र त्या पट्ट्यांसाठी सुमारे 0.6 मिलिमीटर रुंदीची खाच कापणारे बिट गाळ्यात नव्हते, म्हणून मान तयार विकत आणली. ती अंगाच्या खोबणीत बसेना. गोल फिरणारे बिट आतला कोपरा गोलच सोडते आणि मानेचे टोक होते चौकोनी, हे साधे ज्ञान मला सोसायटीत दरवाजे दुरुस्त करायला आलेल्या सुतारकाकांनी दिले. त्यांनी पटाशीने दोन कोपरे दोन मिनिटांत काढले आणि ‘‘बाकीचं कोणी केलंय?’’ असे विचारले. मी संगणकाने, असे सांगितले. ‘‘तरीच,’’ ते म्हणाले.

खरे हाल पुढे होते. यंत्राने काठांची गोलाई कापताना डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखे बारीक टप्पे ठेवले होते. ते घालवायला काचपेपर घासावा लागतो. आधी 80 नंबरचा, मग 120, 180, 240 आणि 320, आणि तोही हाताने. ज्या हातांना वाचवण्यासाठी हा सगळा घाट घातला होता, ते हात सलग तीन रविवार गॅलरीत मागेपुढे हलत होते. सागाचा भुसा नाकात गेला की शिंका येतात, तशा त्या मला आणि वाळत घातलेल्या चादरी झटकणाऱ्या बायकोला आळीपाळीने येत होत्या. ‘‘अहो, यंत्राने करतात ना हे?’’ एवढेच ती दोन शिंकांच्या मध्ये विचारी.

अखेर तारा चढल्या. चिंचोक्याचा खंदक ब्रिजच्या पत्र्याखाली कायमचा गाडला गेला. सोल्डरिंग मीच केले, म्हणून अॅम्प्लिफायर लावताना घरातल्यांना चार पावले मागे उभे केले. बटण दाबताच जुन्या ट्यूबलाइटसारखी घूंऽऽ अशी गुणगुण सुरू झाली. घाबरून मी तारांवर हात ठेवला, तर ती थांबली. हात काढला, पुन्हा सुरू. तारा आणि ब्रिज अर्थिंगला जोडलेले असले की असेच व्हायला हवे, तेव्हा निदान ती वायर तरी मी नीट जोडली आहे, हे मी सगळ्यांना तीन वेळा हात ठेवून आणि काढून सप्रयोग समजावले.

‘‘म्हणजे हात ठेवला की आवाज बंद होतो?’’ बायकोने खात्री करून घेतली.

‘‘हो.’’

‘‘मग ठेवूनच बसा,’’ असे म्हणून ती चादरी धुवायला टाकायला गेली.