यादी कोणी करायची?

नेपाळच्या भूकंपाचा विषय आमच्या कट्ट्यावर वकिलांनी काढला. २०१५ साली चर्चने तिथल्या स्थानिक पाळकांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशकांना, हाताशी धरून जे मदतकार्य केले, ते तांदळाच्या पोत्याआडून चाललेला धर्मप्रसारच होता, असे त्यांनी नेहमीच्या ठामपणाने सांगून टाकले आणि पाळकपुत्राकडे पाहिले. पाळकपुत्र हे आम्ही ठेवलेले नाव आहे. त्याचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचे, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाचे, पाळक होते, तो स्वतः मात्र एस.टी.तून निवृत्त झाला. तो लगेच चिडेल अशी आमची अपेक्षा होती. तो चिडला नाही आणि म्हणूनच चर्चा झाली.

वकिलांची बाजू उडवून लावण्यासारखी नव्हती. भूकंप झाला तेव्हा नेपाळात २००७ ची अंतरिम राज्यघटना लागू होती आणि दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास तिच्यातही मनाई होती. पुढे २० सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे भूकंपानंतर पाच महिन्यांच्या आत, नवी घटना आली. तिच्या २६व्या अनुच्छेदात ही मनाई कायम राहिली आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेने धर्मांतर घडवून आणणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठरवला. "एखादा देश इतक्या वेळा, इतक्या स्पष्टपणे नको म्हणतो, तेव्हा संकटाची संधी साधून मागच्या दाराने आत शिरणे ही सेवा नव्हे," असे वकील म्हणाले. भूकंपाच्या दिवसांत भारतातल्या समाजमाध्यमांवर मिशनऱ्यांना आत्म्यांवर टपलेली गिधाडे म्हणणारा हॅशटॅग जोरात चालला होता, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

"मागच्या दाराने शिरायला ते बाहेरचे होते कुठे?" पाळकपुत्राने विचारले. मग त्याने जे सांगितले ते आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. भूकंप झाला तो २५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना. शाळा बंद होत्या, खेड्यांतली माणसे शेतात होती, त्यामुळे हजारो वर्ग कोसळूनही मुले वाचली. पण तिथले ख्रिस्ती लोक रविवारी नव्हे, तर सुट्टी म्हणून शनिवारीच उपासनेला जमतात आणि बाराच्या सुमारास उपासना भरात असते. शनिवारने ज्या गावातली शाळेची पोरे वाचवली, त्याच गावातली मंडळी त्याने छपराखाली एकत्र आणून ठेवली होती. काही पाळक उपासना चालू असतानाच गेले, काहींनी त्याच आठवड्यात आपल्याच मंडळीतल्या माणसांना मूठमाती दिली. "या माणसाला तुम्ही मदत वाटणारा एजंट म्हणता, वकीलसाहेब. तो आधी भूकंपग्रस्त होता," असे म्हणून तो थांबला.

मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला असल्यामुळे ते नकाशाशिवाय बोलत नाहीत. नकाशा नसला तर कट्ट्याच्या फरशीवर बोटाने काढतात. भूकंपाचे केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ होते, तरी सर्वाधिक माणसे पूर्वेकडच्या सिंधुपाल्चोकमध्ये गेली, कारण भूपृष्ठाखालची फाट बारपाकपासून पूर्वेकडे फाटत गेली, हे त्यांनी समजावून सांगितले. मुख्य धक्का ७.८ तीव्रतेचा, त्यानंतर १२ मे रोजी आणखी पूर्वेला ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला आणि पहिल्या धक्क्यात तग धरून राहिलेल्या भिंती त्याने पाडल्या. मृतांचा आकडा नऊ हजारांच्या आसपास पोहोचला. परदेशातून आलेल्या साहित्यासाठी काठमांडूच्या विमानतळावर एकच धावपट्टी होती आणि तीही जड विमानांनी खचू लागल्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या विमानांना तिथे बंदी करावी लागली. तिथून पुढे दरडींनी बुजलेले रस्ते, त्यापुढे खेचरे आणि भरिया, म्हणजे पाठीवर ओझे वाहणारे हमाल.

पण मास्तरांचा खरा मुद्दा याच्या पुढचा होता, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा तोच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होता. नेपाळात स्थानिक संस्थांच्या निवडणुका १९९७ साली झाल्या, त्या लोकप्रतिनिधींची मुदत २००२ साली संपली आणि गावांतली पुढली निवडणूक थेट २०१७ साली झाली. म्हणजे भूकंपाच्या दिवशी देशातल्या एकाही गावात लोकांनी निवडलेला सरपंच नव्हता. गाव विकास समितीचा कारभार एका सचिवाकडे होता, तो बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारा सरकारी नोकर होता, आणि त्याच्या भोवती स्थानिक राजकीय पक्षांची माणसे होती. अशा गावात वीस ताडपत्र्या पोहोचल्या आणि घरे साठ पडलेली असली, तर कोणती वीस घरे हे सांगणार कोण? जो कायम गावात राहतो, ज्याला प्रत्येक घरातली माणसे ठाऊक आहेत आणि ज्याच्याकडे बाहेरून माल आणण्याची ओळख आहे, तोच सांगणार. काही गावांत तो शाळामास्तर होता, काही गावांत गोम्पाचा, म्हणजे बौद्ध मठाचा, लामा, काही गावांत पाळक.

डॉक्टर त्या वर्षी एका वैद्यकीय पथकाबरोबर धादिंग जिल्ह्याच्या उत्तर भागात गेले होते. तो भाग तामांग या डोंगरी जमातीचा. तिथे बौद्ध आणि ख्रिस्ती घरे एकाच उतारावर असतात. डॉक्टरांना भेटलेला पाळक पगारी नव्हता. मका आणि कोदो, म्हणजे नाचणी, पिकवणारा शेतकरीच होता, स्वतःचे घर पडल्यामुळे बायकोमुलांसह ताडपत्रीखाली राहत होता. त्याच्याजवळ शाळकरी मुलांची असते तशी रेघांची वही होती. एका ओळीवर एक घर. पुढे माणसे किती, मेलेली किती, जखमी किती, आणि शेवटच्या रकान्यात फक्त एक खूण, जी चढण चढून येऊ न शकणाऱ्यांसाठी होती. डॉक्टरांनी आपले रुग्ण त्या शेवटच्या रकान्यावरून शोधले. वहीत अर्ध्याहून अधिक घरे ख्रिस्ती नव्हती, हे त्यांनी मुद्दाम सांगितले.

त्याबरोबर दुसरी गोष्टही त्यांनी लपवली नाही. सामान उतरवले होते चर्चच्या पडक्या भिंतीपुढच्या अंगणात, कारण गावात तेवढीच सपाट जागा हाताशी होती. यादीत नाव असलेला एक म्हातारा बौद्ध गृहस्थ त्या अंगणात यायला तयार नव्हता. त्याला कोणी अडवले नव्हते, कोणी काही म्हटलेही नव्हते. तो फक्त आला नाही, आणि त्याची ताडपत्री शेजाऱ्याने नेऊन दिली. पुढच्या खेपेला सचिवाच्या सांगण्यावरून वाटप शाळेच्या मैदानावर झाले, तेव्हा तो रांगेत उभा होता.

"हेच तर मी म्हणतो!" वकील म्हणाले. त्यांचा युक्तिवाद आता अधिक नेमका झाला. युनायटेड मिशन टू नेपाळसारखी ख्रिस्ती संस्था १९५४ पासून तिथे आहे आणि धर्मप्रसार करणार नाही, हे सरकारशी केलेल्या करारातच मान्य करून ती काम करते, असे पाळकपुत्राने मध्ये सांगितले होते. मदत कोणत्याही धार्मिक भूमिकेच्या प्रचारासाठी वापरली जाणार नाही, हे रेड क्रॉस आणि इतर संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेतले कलमही त्याने दाखवले होते. वकिलांनी ते दोन्ही मान्य केले. पण संस्था कागदावर सही करते, तिचा एक विभाग तांदूळ वाटतो आणि उपासनेचा संबंध त्या विभागाशी येत नाही. गावातल्या पाळकाला असे दोन विभाग करता येत नाहीत, असे ते म्हणाले. तो बुधवारी तांदूळ देतो आणि शनिवारी प्रवचन देतो, तोंड तेच असते. बुधवारी घेतलेल्या तांदळाची आठवण शनिवारी न येणारा माणूस कुठे सापडेल? कोणी दडपण आणावे लागत नाही. ते आपोआप येते.

याला पाळकपुत्राने नेपाळचे नव्हे, आपल्याकडचे उत्तर दिले, आणि मला ते पूर्ण पटले नाही, तरी ते टाळूनही चालणार नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, या कारणावरून १८९३ साली रानडे आणि भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्यानंतर तीन-चार वर्षांतच मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मध्य प्रांतात जाऊन शेकडो विधवा आणि अनाथ मुलींना केडगावला घेऊन आल्या त्या रमाबाईच. त्यांतल्या अनेकजणी ख्रिस्ती झाल्या, हे खरे. पण ज्यांना ते खटकत होते, त्यांनी त्या मुलींसाठी दुसरी जागा का उघडली नाही, असा त्याचा प्रश्न होता. वकील म्हणाले, दुसऱ्यांनी केले नाही म्हणून पहिल्याच्या कृतीची तपासणीच करायची नाही, असे होत नाही. मला वाटते, इथे दोघेही बरोबर होते आणि म्हणूनच हा धागा पुढे गेला नाही.

चर्चा पुढे नेली ती ताईंनी. त्या बँकेत तपासनीस होत्या आणि कोणाच्या हेतूवर बोलण्यात त्यांना रस नसतो. पोत्यात बायबल होते का, हा प्रश्न सोपा आहे, पोते उघडले की उत्तर मिळते, असे त्या म्हणाल्या. अवघड प्रश्न असा की, ती वही कोणाला दाखवली जात होती. परदेशातली किंवा आपल्याकडची एखादी मंडळी रविवारच्या दानार्पणातून पैसे जमवते आणि ओळखीच्या पाळकाला पाठवते. त्या पैशाचा हिशेब पाळक त्या मंडळीला देतो, दिलाच पाहिजे. गावाला तो हिशेब कोण देतो? पाठवणाऱ्यांना छायाचित्रे हवी असतात, हसरे चेहरे हवे असतात, आणि आपली माणसे प्रार्थना करताना दिसली तर ती अधिकच आवडतात. एका गावात दोन वेगवेगळ्या पंथांचे पाळक असले आणि दोघांच्या मागे दोन वेगळ्या मंडळ्या असल्या, तर ज्याच्याकडे छपराचे जास्त पत्रे येतील त्याच्याकडे माणसे सरकतील. मग धर्मांतराचा प्रश्न बाजूलाच राहतो, चर्चचीच आपसात ओढाताण सुरू होते. आणि कालपर्यंत मका पिकवणारा जो माणूस गावात बरोबरीचा होता, तो वर्षभरात देणारा होऊन बसतो. हे त्याच्यासाठीही बरे नव्हे, असे ताईंचे मत पडले. पाळकपुत्राने मान हलवली. वडिलांच्या मंडळीत थोड्या पैशावरून काय काय झाले होते, ते त्याला ठाऊक असावे.

इंजिनियरने किल्लारी पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर तिथे देणगीदार संस्थांनी गावे दत्तक घेतली, ५२ गावे दुसरीकडे वसवली गेली, आणि पुष्कळ ठिकाणी सरळ रेषेत आखलेल्या वसाहतींत माणसे राहायला गेली. गल्ली गेली, अंगणे गेली, गोठ्याला जागा उरली नाही. "पैसा भरपूर होता, पण कोणाला काय हवे ते विचारणारा गावातला माणूस नव्हता," असे तो म्हणाला. नेपाळ सरकारने घर जागेवरच बांधायला लावले, हे त्याला अधिक शहाणपणाचे वाटते. घरटी तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत, पहिला हप्ता ५० हजारांचा. पाया नियमाप्रमाणे झाला असे तपासणाऱ्याने लिहून दिले की पुढचा हप्ता. पण त्यासाठी लालपुर्जा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा कागद लागत होता. ज्यांची घरे दुसऱ्याच्या जमिनीवर होती, ज्यांची वाटणी कागदावर आलीच नव्हती, ती माणसे अडकली. दलितांची कितीतरी घरे त्यांत होती. इंजिनियरच्या मते पाळकाचा, लामाचा किंवा शाळामास्तरचा खरा उपयोग पोती वाटण्यात नव्हता. असा अडकलेला माणूस हुडकून, त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या कचेरीत दहा खेपा घालण्यात होता. त्याचे छायाचित्र काढून कोणालाही पाठवता येत नाही.

माझे स्वतःचे मत ताईंच्या जवळचे आहे. पाळकाला वगळून त्या डोंगरांत पहिल्या पंधरवड्यात काही पोहोचवता आले असते, असे मला वाटत नाही. आणि पाळकाच्या हाती यादी एकट्याने राहू द्यावी, असेही वाटत नाही. वही त्याची असावी, पण ती शाळेच्या भिंतीवर लागावी, लामाने आणि दलित वस्तीतल्या कोणीतरी ती वाचून चूक दाखवावी, आणि वाटप चर्चच्या अंगणात होऊ नये. डॉक्टरांच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थाला तत्त्वज्ञान नको होते, त्याला रांग दुसरीकडे हवी होती.

२०१७ नंतर तिथे ७५३ स्थानिक पालिका उभ्या राहिल्या, निवडलेले वॉर्ड अध्यक्ष आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाजरकोट आणि पश्चिम रुकुममध्ये भूकंप होऊन दीडशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा यादी करण्याचे काम वॉर्डाकडे होते. "मग आता पाळकाचे काम संपले," असे वकील म्हणाले. वॉर्ड अध्यक्ष कोणत्या तरी पक्षाचा असतो आणि त्याला मत न दिलेले घरही गावात असते, याकडे पाळकपुत्राने त्यांचे लक्ष वेधले.

मदतीच्या पैशातून पडलेले चर्च पुन्हा बांधावे की नाही, यावर मात्र शेवटपर्यंत जमले नाही. तांदूळ आणि पत्रे चालतील, सिमेंटची एक गोणीही प्रार्थनेच्या इमारतीला जाता कामा नये, असे वकिलांचे म्हणणे होते. ज्या मंडळीची माणसे त्याच छपराखाली गेली, तिने तेवढे छप्पर तरी आपल्या दानार्पणातून उभे करावे की नाही, असे पाळकपुत्र विचारत राहिला. ताई म्हणाल्या, करावे, पण त्याची पावती वेगळी फाडावी.