बाळाच्या हृदयातले भोक आणि ‘दहा किलो होईपर्यंत थांबा’

डिचोली, सत्तरी, फोंड्याच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात मजकूर असा: बाळाच्या हृदयात भोक निघाले तरी घाबरू नका, शंभरातली नव्वद भोके आपोआप बुजतात. बाळ दहा किलोचे होईपर्यंत ऑपरेशन करू देऊ नका, तोवर अर्जुनाच्या सालीचा काढा पाजा. जन्मल्यावर तपासून डॉक्टरांनी ‘नॉर्मल’ म्हटले असेल तर पुढे काही निघतच नाही. गोव्यात यावर उपचार नाहीत, बाहेर गेलात तर घर विकावे लागेल. ऑपरेशन झालेले मूल कधी धावू शकत नाही, आणि मुलगी असेल तर तिचे लग्न व्हायचे नाही. खाली हात जोडलेले चिन्ह आणि ‘एका तरी आईपर्यंत पोहोचवा’.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि हा मेसेज आया मला मोबाइलवर दाखवतात. सगळाच खोटा असता तर एवढे लिहायला बसलो नसतो. त्यात थोडे खरे आहे, आणि लोक फसतात ते त्या थोड्याशा खऱ्यामुळेच.

‘नव्वद टक्के बुजतात.’ कोणती? खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेले भोक, म्हणजे व्हीएसडी, हा जन्मजात हृदयदोषांतला सर्वात जास्त आढळणारा प्रकार. ते बारीक असेल आणि पडद्याच्या स्नायूच्या भागात असेल, तर बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांत बुजते. वरच्या कप्प्यांमधली अगदी लहान भोकेही बऱ्याचदा बुजतात. इथवर मेसेज बरोबर आहे. पण मोठे व्हीएसडी बुजायची वाट बघण्यात अर्थ नसतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या साधारण निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. त्यांच्यात वरचे आणि खालचे दोन्ही पडदे मध्यभागी जुळलेलेच नसतात, असा एक प्रकार नेहमी दिसतो, आणि तो कधीच आपोआप भरत नाही. शिवाय हृदयाचे सगळे दोष म्हणजे भोके नव्हेत. झडप अरुंद असते, महाधमनी एका जागी आवळलेली असते, कधी दोन मुख्य रक्तवाहिन्यांची जागाच उलटसुलट झालेली असते. आपले बाळ यातल्या कोणत्या गटात आहे हे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय मलाही सांगता येत नाही, मग फॉरवर्ड करणाऱ्याला कसे सांगता येणार?

आता ते दहा किलो. एके काळी तान्ह्या बाळांवर शस्त्रक्रिया करणे फार जोखमीचे होते, तेव्हा डॉक्टरच ‘वजन वाढू द्या’ म्हणत. तो सल्ला तसाच राहून गेलेला दिसतो. आज हिशोब उलटा आहे. मोठ्या व्हीएसडीतून जास्तीचे रक्त जोराने फुप्फुसांत घुसत असते, त्यामुळे बाळाला धाप लागते, दूध पिण्यातच त्याची ताकद संपते आणि वजन वाढत नाही. वजन न वाढण्याचे कारणच ते भोक आहे. अशा बाळाच्या वजनाची वाट बघत बसलो तर वजन यायचेच नाही. दरम्यान फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या त्या दाबाने जाड आणि कडक होत जातात. ठरावीक मर्यादेपलीकडे हा बदल माघारी फिरत नाही. मग रक्ताचा ओघ उलटतो, मूल निळसर पडू लागते आणि त्या अवस्थेत भोक बंद करणेच धोक्याचे ठरते. या अवस्थेला आयझेनमेंगर म्हणतात. म्हणून मोठे व्हीएसडी साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बंद करतात, आणि औषधांनी धाप आटोक्यात येत नसेल तर त्याहूनही लवकर. रक्तवाहिन्यांची अदलाबदल असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते, तेव्हा बाळ अडीच-तीन किलोचे असते. उलट वरच्या पडद्याच्या भोकाला, त्रास नसेल तर, दोन ते चार वर्षांपर्यंत सवड असते. अशी बरीच भोके छाती न उघडता मांडीच्या शिरेतून छत्रीसारखे उपकरण नेऊन बंद करता येतात.

थांबणे हाही उपचारच आहे. पण मग दर काही आठवड्यांनी वजन, श्वास आणि इको बघणारे कोणीतरी हवे. घरी बसून किलो मोजणे म्हणजे तसे थांबणे नव्हे.

काढ्याबद्दल दोनच वाक्ये. बारीक भोक बाजूचा स्नायू वाढल्याने किंवा झडपेचा पदर चिकटल्याने बुजते, आणि श्रेय त्या दिवसांत जो काढा चालू असेल त्याला मिळते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काढा काय, पाणीसुद्धा द्यायचे नसते.

‘जन्मल्यावर नॉर्मल होते.’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त सतावतो, कारण ऐकणाऱ्याला तो पटतो. जन्मल्यावर फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे मोठ्या भोकातूनही फारसे रक्त वाहत नाही आणि स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही. सहा-आठ आठवड्यांत हा दाब उतरतो आणि मग त्रास सुरू होतो. बाळ आठ-दहा घोट ओढते, सोडते, धापा टाकते, पुन्हा ओढते. अर्ध्या तासाने दमून झोपी जाते आणि लगेच भुकेने उठते. पंख्याखाली असूनही कपाळावर घामाचे थेंब. ‘डॉक्टर, आमच्या गोव्यात घाम कुणाला येत नाही?’ असे एक आजी म्हणाल्या होत्या. खरे आहे, आजी. पण पिताना कपाळ आणि डोके भिजणे निराळे. झोपलेल्या बाळाचे पोट एक पूर्ण मिनिट बघा आणि श्वास मोजा. साठच्या वर असतील आणि छातीत खळगे पडत असतील, तर लसीच्या पुढच्या डोसाच्या तारखेची वाट बघू नका.

घरी जाण्याआधी पल्स ऑक्सिमीटरची चाचणी झाली का, हेही विचारा. जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या तळहाताला आणि एका पावलाला लाल दिव्याची पट्टी लावून ऑक्सिजन मोजतात. उजवाच हात का? महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी, पोटात असल्यापासूनची डक्टस नावाची एक नळी असते. उजव्या हाताला जाणारे रक्त तिच्या आधीच वळते, पायाला जाणारे नंतर. त्यामुळे दोन्हीतला फरक कळतो. आकडा ९५ च्या खाली असेल किंवा हात-पायात ३ पेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा मोजायचे, आणि ९० च्या खाली असेल तर लगेच इको. खर्च नगण्य आहे. मात्र साधे व्हीएसडी यात सापडत नाही, कारण त्यात ऑक्सिजन कमी होत नाही. दुसऱ्या महिन्यातली तपासणी म्हणूनच हवी.

‘गोव्यात काही नाही.’ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, इको होतो आणि हृदयविभागही आहे. म्हापशाचे जिल्हा इस्पितळ (आझिलो) आणि मडगावचे जिल्हा इस्पितळ ही रेफर होण्याची पहिली ठिकाणे. काही गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी मुंबई-बंगळूर गाठावे लागू शकते, हे मी नाकारत नाही. पण घर विकण्याआधी दोन दारे ठोठवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते. त्याच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहेत आणि पुढचे उपचारही मोफत आहेत. दुसरे दार गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे, २०१६ पासूनचे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. आपल्या बाळाची प्रक्रिया यादीत बसते का, हे निघण्याआधीच विचारून घ्या.

आणि कृपा करून नवजात निळे बाळ मांडीवर घेऊन खासगी गाडीने बेळगावकडे जाणारा चोर्ला घाट चढू नका. काही दोषांत बाळ फक्त ती डक्टसची नळी उघडी असल्यामुळे जगत असते, आणि नळी पहिल्या काही दिवसांत मिटत जाते. प्रोस्टाग्लँडिनचे ड्रिप ती उघडी ठेवते, पण त्या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून सोबत जाणारे माणूस जाणकार लागते. आधी बाळ स्थिर करायचे, मग १०८ किंवा सुसज्ज रुग्णवाहिका. गरोदरपणात १८ ते २४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत शंका आली तर बाळाचा इको पोटातच होतो. मग बाळंतपण कुठे करायचे हे आधीच ठरवता येते आणि ही धावपळ टळते.

खेळण्याचे म्हणाल, तर वेळेत व्हीएसडी बंद झालेली मुले पावसात चिखलात फुटबॉल खेळतात. मुलींचे संसार होतात, बाळंतपणेही होतात. बाळंतपण जिवावर बेतते ते आयझेनमेंगर झालेल्या बाईला, म्हणजे मेसेजप्रमाणे थांबत राहिलेल्या मुलीला! काही आजारांत मैदानाची मनाई खरोखर असते, उदाहरणार्थ महाधमनीची झडप खूप अरुंद असणे किंवा हृदयाचा स्नायू जाड होणे. शाळेत प्रार्थनेला उभे असताना चक्कर येणे बहुधा साधे असते. धावता धावता मूल कोसळले तर मात्र हृदयाची तपासणी झाल्याखेरीज मैदानावर पाठवायचे नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुळातच नाही. हृदयाचे सगळे आजार जन्मजात नसतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून बरा होतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे एकामागून एक सुजतात आणि झडपांना इजा होते. तो संधिवाताचा ताप. पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. नेमकी दहावी-बारावीतली मुले ‘मला काही होत नाही’ म्हणून ते सोडतात. इंजेक्शन दुखते, हे मान्य.

लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्यांचेही तेच होते. निळ्या बाळांचा टेट्रालॉजी नावाचा आजार दुरुस्त झाला तरी फुप्फुसाकडची झडप पुढे गळत राहते आणि तरुणपणी ती बदलावी लागू शकते. मूल शिकायला पुण्याला निघाले की ऑपरेशनच्या नोंदीची आणि शेवटच्या इकोची झेरॉक्स त्याच्या सामानात ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही असू द्या. दात काढायचा झाला तर दंतवैद्याला आधी हृदयाचे सांगायचे, हेही त्याला बजावून ठेवा. काहींना त्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो.