तेरेकपलीकडून फक्त गोळ्याच येत नव्हत्या

कॉकेशसबद्दलचा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्यातले दावे असे: कोसॅक (रशियाच्या सरहद्दीवर वसलेले लढवय्ये घोडेस्वार) आणि डोंगरी लोक जन्माचे वैरी, त्यांच्यात लढाईखेरीज दुसरा व्यवहारच नव्हता, डोंगरात विकण्याजोगं काही नव्हतं, आणि व्यापार म्हणजे काय हे त्यांना रशियन सरकारने शिकवलं.

वैर होतंच, १८१७ ते १८६४ चं रशिया आणि डोंगरी लोकांमधलं युद्ध कोण नाकारतंय? पण त्या युद्धातल्या कोसॅकच्या अंगावर काय होतं ते बघा. छातीवर काडतुसांचे खिसे शिवलेला लांब अंगरखा म्हणजे चेर्केस्का, कमरेला खंजीर, खांद्यावर बुर्का. सगळा थाट डोंगरी. बुर्का म्हणजे लोकरीच्या नमद्याचा ढगळ झगा. पावसात अंगावर, रात्री अंथरूण-पांघरूण. दागिस्तानातल्या आन्दीच्या बायका तो बनवण्यात वाकबगार. अख्ख्या फौजेचे कपडे काही लुटीतून होत नाहीत.

राहिला विकण्याजोग्या मालाचा प्रश्न. तेरेक ही दोघांमधली नदी. तिच्या डाव्या, कोसॅकांच्या तीरामागे उघडा गवताळ माळ. दाट जंगल पलीकडे, चेचेन या डोंगरी लोकांकडे. घराचं लाकूड, दोनचाकी अरबा गाड्या, द्राक्षवेलींना टेकू द्यायच्या काठ्या तिकडून यायच्या. तेरेककाठच्या किझल्यार शहराच्या द्राक्षमळ्यांत राबायला मजूरही डोंगरातूनच उतरायचे. इकडून मीठ आणि कापड जायचं. पलीकडच्या गावात कोसॅकचा कुणी ‘कुनाक’, म्हणजे जिवाभावाचा दोस्त, असे. त्याच्या घरी उतरलं की पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानाची. म्हणून सगळा गोडीगुलाबीचा मामला होता असं मात्र नाही. माणसं पळवून खंडणी उकळणंही याच वाटांवर चालायचं.

आणि सरकारने काय शिकवलं? लोखंड आणि शस्त्रं विकायला बंदी, जकात, साथीच्या भीतीने क्वारंटाइनची नाकी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी अदलाबदल केंद्रं निघाली खरी, पण तिथलं मुख्य आमिष मीठ. डोंगरात माणसांना आणि गुरांनाही त्याची टंचाई. तेव्हा ते कुणाला द्यायचं, कुणाचं अडवायचं हे हुकमाने ठरू लागलं. पश्चिमेला चेर्केस या डोंगरी लोकांच्या काळ्या समुद्रावरच्या किनाऱ्यावर तर बाहेरून येणाऱ्या मालावरही पहारा होता. १८३६ मध्ये तिथे रशियन नौदलाने ‘व्हिक्सन’ हे ब्रिटिश जहाज धरलं आणि लंडनमध्ये युद्धाची भाषा सुरू झाली. जहाजावरचा जाहीर माल होता मीठ.