वैमानिकांनी कोणत्या संघटनेत जावे?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिले की, पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून सुटणारे त्यांचे दिल्लीचे विमान रखडले, कारण वैमानिकाची ड्युटीची वेळ संपली आणि तो ‘सरळ उतरून गेला’. खाली पुरवणी होतीच : ‘लाखांत पगार घेणाऱ्यांना युनियनची मस्ती कशाला हवी?’ त्यावर भराभर अंगठे उमटले. तिथे मी उत्तर दिले नाही, कारण त्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा हिशेबसुद्धा शांतपणे होत नाही. म्हणून इथे लिहितो.

माझा भाचा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. गेल्या पावसाळ्यात ओळीने रात्रीची उड्डाणे करून तो पहाटे विश्रांतवाडीला माझ्याकडे आला आणि मी चहा टाकेपर्यंत दारातल्या चपलांच्या कपाटावर बसल्या बसल्या झोपी गेला. एक बूट पायात, दुसरा हातात, गळ्यात ओळखपत्र तसेच. पुढच्या उड्डाणाआधी त्याने नियमाप्रमाणे फॅटिग रिपोर्ट, म्हणजे थकव्याची लेखी नोंद दिली. त्यानंतर कार्यालयातून फोन आला, तो काही प्रकृतीची चौकशी करण्यासाठी नव्हता. ‘तुमच्या बाबतीत हे वारंवार होते का?’ असे अत्यंत गोड आवाजात विचारण्यात आले. यातला गर्भित अर्थ ज्याला कळत नाही, त्याने आयुष्यात नोकरी केलेली नाही.

त्याच्या कंपनीत मान्यताप्राप्त संघटना नाही. त्यामुळे हल्ली त्याचा आणि त्याच्या कॅप्टनचा एकच वाद चालतो. कॅप्टनसाहेबांचे म्हणणे असे की कंपनीतल्या कंपनीत आपली संघटना काढावी, बाहेरच्यांना आपले रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचे वेळापत्रक काय कळणार? भाच्याला मात्र एअरलाइन पायलट्स असोसिएशन किंवा फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स यांसारख्या, सगळ्या कंपन्यांच्या वैमानिकांना धरून चालणाऱ्या संघटना जवळच्या वाटतात. मी पिंपरीच्या कारखान्यात नोकरी केली, 1989 साली शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेले टेल्कोचे कामगार पाहिले. त्यामुळे कामगारांमध्ये दोन तट पडले की कोणाचे फावते, हे मला कोणी शिकवायला नको.

एअर इंडियाचेच पाहा. 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्सचे तिच्यात विलीनीकरण झाले, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. 2011 मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने समान वेतनासाठी संप केला. 2012 मध्ये मूळ एअर इंडियावाल्यांच्या इंडियन पायलट्स गिल्डने जवळजवळ दोन महिने काम बंद ठेवले, आणि त्यामागचे मोठे कारण काय, तर नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण ‘त्यांच्या’ वैमानिकांना मिळू नये! दोन्ही वेळा सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली. ज्यांनी रात्री एकाच आकाशात जागायचे, ते एकमेकांच्या ज्येष्ठता यादीवर पहारा देत बसले. याला मी संघटना म्हणत नाही, भाऊबंदकी म्हणतो.

कंपनीतल्या संघटनेचा उपयोग होतो, हे नाइलाजाने मान्य करतो. 2009 मध्ये जेट एअरवेजने संघटना काढणाऱ्या वैमानिकांना बडतर्फ केले, तेव्हा सहकारी सामूहिक आजारी रजेवर गेले आणि कंपनीला बडतर्फ केलेल्यांना परत घ्यावे लागले. पण एप्रिल 2019 मध्ये ती कंपनीच बंद पडली, पगार थकलेलेच राहिले. अर्थात तिथे कोणत्याच संघटनेचे काही चालले नसते, हेही खरे.

तरीही माझा मुद्दा सुटत नाही. विश्रांतीचा नियम कोणत्याही कंपनीच्या कार्यालयात ठरत नाही, तो दिल्लीत डीजीसीए, म्हणजे सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास करण्याचा आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणण्याचा नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाला, जूनमध्ये लागू व्हायचा तो पुढे ढकलला गेला, आणि वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात भांडत राहिल्या, तेव्हा कुठे 2025 च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत तो अमलात आला. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि लगेच त्याच कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. तयारी करायची कंपनीने, ती केली नाही म्हणून सवलतही कंपनीला, आणि शिव्या वैमानिकाला! अशा वेळी एका कंपनीची घरगुती संघटना काय करणार? बरे, नोकरी सोडावी म्हटले, तर 2017 च्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते.

त्या गोड फोननंतर भाचा गडबडून गेला होता. तेव्हा त्याने त्याच्या कॅप्टनला विचारले. ते म्हणाले, ‘पुढच्या वेळी रिपोर्ट देऊ नकोस, सिक लीव्ह टाक.’ माणूस वाईट नाही, स्वतःच्या हप्त्यांमध्ये अडकलेला आहे, असे आता वाटते. त्या दिवशी मात्र मला संताप आला होता. मग भाच्याने देशपातळीवरच्या संघटनेतल्या एका निवृत्त कॅप्टनना फोन केला. त्यांनी त्याला उत्तर लिहायला बसवले : रिपोर्टिंगची वेळ, किती सेक्टर (म्हणजे उड्डाणे), प्रत्यक्ष झोप किती तास, हॉटेलवर पोहोचलो कधी. ‘थकलो, गळून गेलो’ वगैरे एक शब्द लिहायचा नाही, फक्त वेळा. त्या ईमेलनंतर पुन्हा फोन आला नाही.

भाच्याने वर्गणी भरली आहे. कॅप्टनसाहेब अजून कंपनीतल्या संघटनेचा मसुदाच घेऊन फिरत आहेत. रविवारी दोघे जेवायला येणार आहेत आणि त्या मसुद्यात पगाराच्या आधी विश्रांतीचे कलम आहे की नाही, हे मी त्यांना पहिल्या वाढीलाच विचारणार आहे.