श्वास पूर्ण भरला तरच माप खरं
सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) सीटी स्कॅनवरून श्वासनलिकांच्या भिंतींची जाडी मोजतात हे तुमच्या लेखात छान समजावलंय, पण एक राहिलं, 2 मिमीपेक्षा बारीक नळ्या सीटीत नीट दिसतच नाहीत आणि आजार तर बहुतेक तिथूनच सुरू होतो, म्हणून श्वास सोडायला लावून दुसरा स्कॅन काढतात, त्यात हवा अडकलेला भाग काळपट राहतो. माझ्या आईने विडी-सिगारेट कधी ओढली नाही, 40 वर्षं चुलीपुढे फुंकणी फुंकली फक्त, तरी तिला हा आजार. स्कॅनच्या वेळी "श्वास भरा, धरून ठेवा" म्हटलं की तिला नेमका खोकला, तीनदा थांबावं लागलं. अर्धवट श्वासात नळी अरुंदच दिसणार ना, माप चुकतंच मग. पेशंटकडून आधी दोन-चारदा सराव करून घ्या हो, प्लीज. आणि स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून करायची श्वासाची तपासणी) टाळू नका, निदान त्यावरच होतं.