गॅरेजात मान कशी डोलवावी

गाडी बंद पडली की माणसानं दोन गोष्टी कटाक्षानं टाळाव्यात. सीटखालचं पुस्तक उघडून बघणं ही एक, आणि मिस्त्रीच्या तोंडून निघालेल्या शब्दाचा अर्थ विचारणं ही दुसरी. पुस्तक ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आलं त्याच पिशवीत, मुदत संपलेल्या पीयूसीच्या सोबतीनं पडू द्या. त्यात टायरमध्ये हवा किती, ऑइल कोणतं, टॅपेटची, म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, फट किती, सगळं छापलेलं असतं. एवढं वाचून आलेल्या गिऱ्हाइकाला मराठवाड्यातल्या कुठल्याही गॅरेजात चहा मिळत नाही.

तसा आपला भाग गाड्यांच्या बाबतीत अडाणी नाही. वाळूजच्या कारखान्यातून 1985 पासून दुचाक्या आणि रिक्षा बाहेर पडताहेत, शेंद्र्याला मोटारी जुळवल्या जातात, आणि गल्लीतला एखादा तरी पोरगा मोटार मेकॅनिकचा आयटीआय करून एमआयडीसीत लागलेला असतो. पण स्वतःच्या बंद गाडीपुढं उभं राहिलं की आपलं सगळं ज्ञान ‘जरा बघा ना’ एवढ्यात आटोपतं. ते आटोपलंय हे समोरच्याला कळू न देणं, हीच खरी कला.

आधी शब्द पाठ करा. अर्थाची घाई नको. शॉकअप, मरगाड, चेन सॉकेट, कोनसेट, बॉलरेसर, वायसल, लायनर, पॅकिंग. उच्चार गॅरेजातलाच हवा. कुणी ‘शॉक अ‍ॅब्झॉर्बर’ म्हणालं की पोऱ्यापासून वस्तादापर्यंत सगळ्यांना कळतं, साहेब पुण्याहून सुट्टीला आलेत आणि बिलात त्यांचा मान राखला पाहिजे. कंपनीच्या यादीत स्प्रॉकेट लिहिलेलं असतं. ती यादी घेऊन मोंढ्यातल्या पार्टच्या दुकानात गेलात तर काउंटरवरचं पोरगं वर न बघताच ‘तसला पार्ट येत नाई’ म्हणेल. सॉकेट म्हणा, पुडकं समोर येतं. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘ओरिजनल देऊ, का कंपनीचा?’ दोन्हींत फरक काय, हे विचारायचा मोह आवरा. दुकानदाराला उत्तर येतं, पण ते दर गिऱ्हाइकाला वेगळं असतं. ‘चांगला द्या’ म्हणा आणि मोबाइलवर आल्यासारखा फोन घेऊन बाजूला व्हा.

आता आवाज. मिस्त्री विचारतो, ‘कदी यायलाय आवाज? चालू केलं की, का गरम झाल्यावर? ब्रेक दाबल्यावर यायलाय का?’ खरं उत्तर दिलंत तर त्याचं निम्मं काम तिथंच होतं. ब्रेक दाबल्यावरच खरखर येत असेल तर तो आधी लायनर बघेल, क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर क्लचकडं वळेल, सकाळी गार असताना वाजून नंतर थांबत असेल तर आणखी तिसरीकडं. म्हणून असली माहिती देऊ नका. तुम्ही सरळ निदान सांगा: ‘टॅपेट वाजू लागलेत, मिस्त्री.’ हे वाक्य लातूरपासून कन्नडपर्यंत कुठल्याही दुचाकीला चालतं. मिस्त्री तुमच्याकडं एकदा बघेल, गाडीकडं एकदा बघेल आणि ‘बरं’ म्हणेल. टॅपेटचे पैसे लागले. आवाज चेनचा होता.

एखादा जुना वस्ताद मात्र तुमचं निदान ऐकूनच घेत नाही. तो लांब स्क्रू-ड्रायव्हर मागवतो, टोक इंजिनाच्या हेडवर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. मोकळ्या हातानं पोऱ्याला खूण: रेस दे. टोक बोटभर सरकतं. परत रेस. आणखी बोटभर. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी डोळे न उघडता म्हणतो, ‘टायमिंग चेन.’ आजूबाजूला ट्रॅक्टर चाललेत, पलीकडं वेल्डिंग चाललंय, आणि या माणसानं लोखंडाच्या एका कांबीतून इंजिनाच्या आतली सैल झालेली चेन ऐकली. हे बघण्यासारखं असतं, म्हणून तुम्ही त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप बघत बसा. तोंडून एक शब्द न काढणाऱ्या वस्तादापेक्षा दहा शब्द फेकणारा मिस्त्री आपल्याला हुशार वाटतो, ही आपली जुनी खोड आहे. ती जपली पाहिजे.

टॅपेट सेट करायचेच ठरले तर गाडी तापलेलीच द्या. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, कित्येक गाड्यांना त्याहूनही कमी असते, आणि बहुतेक कंपन्या इंजिन पार गार झाल्यावरच ती मोजायला सांगतात. मोजायला पातळ पोलादी पत्त्यांचं फिलर गेज असतं. आता मे महिन्यात परभणीत पारा बेचाळिसाच्या वर असताना इंजिन गार व्हायची वाट कोण बघणार? तुम्हाला लग्नाला जायचंय. ‘अंदाजानं करा हो’ म्हणा. अंदाजानं केलेली फट जास्त झाली तर टकटक येईल, कमी झाली तर आवाज एकदम बंद होईल आणि तुम्ही मिस्त्रीची तारीफ करत फिराल. व्हॉल्व्ह नीट न मिटून जळायला लागतो तो नंतर, आणि तो आवाज न करता जळतो.

मग येतं ते वाक्य, ज्याच्यासाठी गॅरेजं उभी आहेत: ‘काम निघालंय, मालक.’ कुणी काढलं, कशानं काढलं, केव्हापासून होतं, याचा पत्ता नाही. बोअर घेताना मध्येच खडक लागावा तसं हे काम लागतं, आणि मग खर्चाला मागं फिरता येत नाही. इथं ‘कसलं काम?’ असं विचारायचं नसतं. ‘किती?’ विचारायचं. त्यावर मिस्त्री चिंधीला हात पुसत सांगेल, ‘हाफ इंजिन करावं लागतंय. खोलल्यावर कळंल, फुल बी निघू शकतं.’

हाफ म्हणजे वरचं: हेड, व्हॉल्व्ह, ब्लॉक, पिस्टन, रिंगा. फुल म्हणजे खालची पेटी फोडून क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि बेरिंगांपर्यंत. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, ऑइल कमी होतंय, चढाला गाडी दम टाकतेय, तर हाफचं काम खरंच निघालेलं असू शकतं. पण काळा धूर येत असेल तर ते पेट्रोल जास्त जात असल्याचं लक्षण, आणि चोक ओढलेला राहिला तरी तो येतो. एअर फिल्टर मुरमाच्या रस्त्यावरच्या धुळीनं चोंदला तरी येतो. म्हणून धुराच्या रंगाकडं अजिबात लक्ष देऊ नका. धूर म्हणजे इंजिनकाम, असं धरून चालल्यानं कित्येक घरं चालतात. ब्लॉक झिजला असेल तर लेथवाल्याकडं बोअर करून, म्हणजे आतलं भोक मोठं करून, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकतात, पुढच्या वेळी अर्धा. झीज किती आहे हे मोजून दाखवा, असं म्हणालात तर मोजायचं साधन शोधण्यातच दुपार जाईल. त्यापेक्षा ‘नुसत्या रिंगा टाका’ म्हणा. झिजलेल्या ब्लॉकात नव्या रिंगा टाकल्या की महिना-दोन महिने गाडी गुणाची वागते. आणि काढलेला जुना पार्ट परत मागू नका. तो बघितला तर तो खरंच गेला होता का, असली शंका येते, आणि शंकेनं संबंध बिघडतात.

ऑइल बदलताना तुम्हाला काम फार नाही. शंभर सीसीच्या गाडीला 800 मिली ते 1 लिटर लागतं, डबा फोडलेला दिसतो, एवढं समाधान पुरे. फक्त शेवटी एक वाक्य टाकायचं: ‘घट्ट आवळा बरं का!’ खालचा ड्रेन नट पोलादाचा, पेटी अ‍ॅल्युमिनियमची. पुस्तकात तो किती न्यूटन-मीटरनं आवळायचा ते दिलेलं असतं, त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पानाही मिळतो. पण मिस्त्रीच्या मनगटावर अविश्वास दाखवणं बरं दिसत नाही. पोऱ्या पान्याला पाइप जोडून लोंबकळतो, तुम्ही खूश. पुढच्या खेपेला नट नुसताच फिरतो. ‘आटे गेलेत, मालक.’ बघा, आटे गेले. ते कुठं गेले, कुणी पाठवले, कशाला विचारायचं? मोठ्या मापाचे आटे मारून देतात, त्याचे वेगळे पैसे.

ब्रेक ऑइलच्या बाबतीत थोडं गंभीर व्हावं लागेल, म्हणजे आपण होणार नाहीच. लोक त्याला ऑइल म्हणतात, म्हणून ते ऑइलच आहे असं धरून चाला, आणि टाकी खाली गेलेली दिसली तर गॅरेजात उरलेल्या डब्यातलं इंजिन ऑइल वर ओता. झाकणावर ‘डॉट 3’ किंवा ‘डॉट 4’ असं काहीतरी कोरलेलं असतं, ती नक्षी समजा. असलं खनिज तेल लागलं की आतली रबरी सिलं फुगतात आणि ब्रेक हळूहळू अडकू लागतो किंवा लागतच नाही. बरोबर जातीचं भरलं असेल तरी ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदलायचं असतं. तुम्ही बदलू नका. ओल मुरलेलं ब्रेक ऑइल लवकर उकळतं, हे तुम्हाला औट्रम घाट उतरताना, मागच्या सीटवर सासुरवाडीची मंडळी असताना, पायडल तळाला टेकल्यावर आपोआप कळेल. इतकं नीट पुस्तकही समजावून सांगत नाही.

रेडिएटरचं तसंच. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसानं जीपला विकतचं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, पाजावं, हे मनाला पटत नाही, मान्य. बोअरचं ओता. त्या पाण्यातला क्षार घरच्या हिटरवर बसतो, बादलीवर बसतो, तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसणार नाही असं कुठं लिहिलंय? गाडी तापली की मिस्त्री ‘थर्मोस्टॅट काढून टाकू’ म्हणतो. हा शब्द भारी आहे, मान डोलवा. तो काढल्यानं नळ्यांतला क्षार जात नाही, पण काहीतरी काढलं याचं समाधान मिळतं.

हे सगळं जुन्या गाड्यांचं झालं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा नियम, आला, दुचाकीतला कार्बोरेटर जवळजवळ गेला, आणि त्याबरोबर ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ हे एक फार उपयोगी वाक्यही गेलं. पण काळजी नको. त्याच्या जागी ‘सेन्सर’ आलाय. गाडी उचलत नाही, सेन्सर. सुरू होत नाही, सेन्सर. मीटरवर पिवळा दिवा लागला, तर सेन्सरच. स्कॅनर लावला की पडद्यावर कोड येतो. तो कोड कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो. गडबड सेन्सरची, जोडणीची की उंदरानं कुरतडलेल्या वायरची, हे माणसालाच शोधावं लागतं. तुम्ही शोधायला लावू नका. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावता, हेही सांगू नका. सेन्सर बदला. तरी दिवा राहिला तर दुसरा बदला. त्यानंतरही राहिला तर काळी टेप आहेच, ती कुठल्याही मॉडेलला बसते.

आणि एवढं सगळं करून गाडी विकायची वेळ येईल, कारण ती येतेच. इथं मात्र तुम्हाला सगळी भाषा स्वतः बोलायचीय, मिस्त्री मदतीला नाही. ‘सिंगल हँड, शोरूम कंडिशन, एक रुपयाचं काम नाही.’ किलोमीटरचा काटा तीन वर्षांपूर्वी ज्या आकड्यावर वायर तुटली तिथंच उभा आहे; ‘गाडी जास्त फिरलेलीच नाई’ म्हणा. टायरच्या कडेला शेवटच्या चार अंकांत बनावटीचा आठवडा आणि साल असतं, तेवढी बाजू चिखलातच राहू द्या. घेणारा सोबत स्वतःचा मिस्त्री घेऊन आला आणि त्यानं खाली बसून इंजिनाच्या सांध्यातून बाहेर आलेलं, सांधा चिकटवायचं राखाडी सोल्युशन नखानं खरवडत ‘इंजिन खोललंय का हो?’ असं विचारलं, तर डगमगायचं नाही. ‘नुसती सर्व्हिसिंग झालीय, मिस्त्री. आटेसुद्धा कंपनीचेच आहेत.’